गोष्ट तपासायची कशी : दुसरी ते चौथीच्या मुलांच्या लेखनाच्या प्रकल्प नोंदी, इंदूर

इंदूरमधला रविवारचा मराठी वर्ग. पटावर २६ मुलं, वय ७ ते ९, म्हणजे शाळेतली दुसरी ते चौथी. सगळी हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. मराठी घरी आजी-आजोबांशी आणि इथे रविवारी दीड तास. तपासणाऱ्या तीन ताई. मुलाने लिहिलेली गोष्ट वाचून ‘याला गोष्ट रचता येते का, आणि आता याला पुढे काय शिकवायचं’ हे तिघींना सारखंच सांगता यावं, एवढंच काम ठरलं होतं. हेच काम दुसरीकडे कुणी हाती घेतलं तर आमचा वाया गेलेला वेळ त्यांचा जाऊ नये, म्हणून नोंदी तारखेवार ठेवल्या आहेत.

२२ जून २०२५, रविवार

पहिला विषय दिला ‘रंगपंचमीची गेर’, म्हणजे रंग उडवत निघणारी इथली मिरवणूक. सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट, म्हणून सोपी जाईल असं वाटलं होतं. वेळ २० मिनिटं. २५ पानं आली आणि त्यातल्या १९ पानांवर गोष्टच नव्हती. नमुना असा :

‘गेर राजवाड्यावर येते. खूप लोक येतात. टेंकर मधून पानी उडते. डीजे वाजतो. खूप मजा येते.’

हा निबंध आहे, आणि मुलांनी तो नीट लिहिला आहे. चूक विषयाची. दरवर्षी घडणाऱ्या गोष्टीचं नाव दिलं की मूल ‘येते, जाते, वाजतो’ असा साधा वर्तमानकाळ धरतं आणि शेवटी ‘मजा येते’ लिहून पेन्सिल ठेवतं. एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट माणसाला काय झालं, हे त्यात विचारलेलंच नाही. पान वाचण्याआधी नुसती क्रियापदं चाळली तरी अंदाज येतो : ‘आली, पडला, शोधलं’ असेल तर बहुतेक गोष्ट आहे, ‘येते, असते’ असेल तर वर्णन. ही २५ पानं तपासलीच नाहीत. एक रविवार गेला.

२९ जून, रविवार

विषय बदलला, आता त्यात काहीतरी बिघडलेलं आहे : ‘चिंटू राजवाड्यावर गेर बघायला गेला. गर्दीत त्याची एक चप्पल हरवली. पुढे काय झालं?’ २४ मुलं हजर होती, २४ पानं आली, आणि फक्त दोन वर्णनं निघाली. तीच गेर, तीच मुलं. फरक फक्त हरवलेल्या चपलेचा.

पानाच्या पुढच्या बाजूला नुसता क्रमांक, नाव मागे. हे पहिल्या दिवसापासून करा. तपासताना नाव दिसलं की त्या मुलाचा वर्गातला वावर मार्कांत उतरतो.

तिन्ही ताईंनी कुठल्याही निकषाशिवाय, आपापल्या अंदाजाने ५ पैकी गुण दिले. तिघींचे गुण तंतोतंत जुळले फक्त ५ पानांवर. ११ पानांवर एका गुणाचा फरक, ८ पानांवर दोन किंवा जास्त. पान क्र. ७ ला २, ३ आणि ५ असे गुण पडले. विचारल्यावर कळलं : २ देणाऱ्या ताईंनी शुद्धलेखन पाहिलं, ३ देणाऱ्या ताईंनी पान किती भरलंय ते पाहिलं, आणि ५ देणाऱ्या ताईंना शेवट आवडला. तिघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. तिघी तीन वेगळ्या गोष्टी मोजत होत्या, एवढंच.

२ जुलै, बुधवार संध्याकाळ

निकष-तक्ता, मसुदा पहिला. सहा निकष (कल्पना, मांडणी, पात्रं, शब्द, वाक्यं, शुद्धलेखन), प्रत्येकी ५ पायऱ्या, म्हणजे ३० चौकोन. पाच पानांवर वापरून पाहिला. एका पानाला सरासरी ११ मिनिटं लागली. २४ पानांना एकीचे चार तासांहून जास्त. रविवारच्या वर्गाला हे झेपणारं नाही.

वेळेपेक्षाही मोठी अडचण चौकोनांतल्या शब्दांची. ‘कल्पना चांगली’, ‘कल्पना बऱ्यापैकी’, ‘कल्पना उत्तम’ असं लिहिलं होतं. ‘बऱ्यापैकी’ कुठे संपतं आणि ‘चांगली’ कुठे सुरू होते, यावर चाळीस मिनिटं वाद झाला. मसुदा बाद.

५ जुलै, शनिवार

मसुदा दुसरा. नियम एकच ठेवला : पायरीचं वर्णन असं हवं की पानावरच्या ओळीवर बोट ठेवून ‘हे बघा’ म्हणता यावं. बोट ठेवता येत नसेल तर तो शब्द खोडायचा. ‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘ओघवती’ सगळे गेले. निकष तीन उरले, प्रत्येकाच्या पायऱ्या ० ते ३.

घडण
० : घटना नाही, यादी किंवा वर्णन.
१ : घटना आहेत, पण एकीमुळे दुसरी घडत नाही.
२ : अडचण किंवा इच्छा आहे आणि कुणीतरी त्यासाठी काहीतरी करतं.
३ : २ मधलं सगळं, आणि शेवट त्या करण्यातून येतो.

जोडणी
० : कशानंतर काय झालं ते कळत नाही.
१ : क्रम कळतो; जोडायला फक्त ‘मग’ आणि ‘आणि’.
२ : वेळ दाखवणारे शब्द आहेत : तेवढ्यात, दुसऱ्या दिवशी, इतक्यात.
३ : कारण किंवा विरोध दाखवणारे शब्द अर्थाला धरून आलेत : म्हणून, कारण, पण, तरी, नाहीतर.

माणसं
० : कोण आहे ते कळत नाही.
१ : नाव किंवा नातं आहे.
२ : बोलतं, किंवा त्याला काय वाटलं ते लिहिलंय.
३ : वाटण्याचा आणि करण्याचा संबंध दिसतो (घाबरला म्हणून लपला).

शुद्धलेखन आणि अक्षर यांची वेगळी नोंद, बेरजेत नाहीत. यावर एका ताईंचा विरोध होता : ‘शुद्धलेखनाला गुण नाहीत म्हटलं की मुलं लक्ष देणार नाहीत.’ उत्तर असं ठरलं की शुद्धलेखन श्रुतलेखनात तपासायचं, तिथे ते स्वच्छ दिसतं. इथे ते मिसळलं की गोष्ट दिसेनाशी होते.

एका पानाला आता साडेतीन ते चार मिनिटं.

६ जुलै, रविवार

अक्षराचा परिणाम किती होतो, ते तपासून पाहिलं. २४ पैकी १२ पानं मोबाइलवर टाइप केली, शब्द तेच, फक्त लेखनाच्या चुका दुरुस्त. हस्ताक्षरातल्या पानांना आज गुण दिले, टाइप केलेल्यांना बुधवारी. वळणदार अक्षराची चार पानं ‘घडण’मध्ये एकेका पायरीने खाली आली. गिचमिड अक्षराची तीन वर गेली, त्यातलं एक सरळ १ वरून ३ वर. त्या पानावर ‘म्हणून’ हा शब्द ‘मनुन’ असा लिहिला होता आणि दोघींनी तो वाचलाच नव्हता.

१२ पानं टाइप करायला पावणेदोन तास गेले. दर वेळी हे शक्य नाही. पर्याय म्हणून मुलांना आपलं पान वाचायला लावलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. त्यात नवीनच अडचण आली : मुलं लिहिलंय त्याहून जास्त वाचतात. पानावर ‘तो पळाला’, तोंडाने ‘तो घाबरून जोरात पळाला’. गुण कशाला द्यायचे? ठरलं ते असं : गुण पानालाच. बोलण्यात जास्त आलं तर कडेला ‘तोंडी +’ अशी खूण. ही खूण असलेल्या मुलाला गोष्ट रचता येते, त्याचा हात मागे पडतो. त्याला रचना शिकवत बसण्यात अर्थ नाही. दुसरीच्या नऊ मुलांपैकी पाच जणांच्या पानावर ही खूण आली. पूर्ण प्रकल्पात सगळ्यात उपयोगी पडलेली खूण हीच.

१३ जुलै, रविवार

चित्रमालिका वापरून पाहिली. चार चित्रं : कावळा पापड पळवतो, आजी मागे धावते वगैरे. झेरॉक्स २६ प्रती. तीन गोष्टी फसल्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पापड आणि ताटली सारखीच दिसली, सहा मुलांनी ‘कावळ्याने प्लेट नेली’ लिहिलं. बहुतेकांनी प्रत्येक चित्राला एक वाक्य लिहिलं, ‘ह्या चित्रात आजी आहे’ अशी सुरुवात करून. आणि घडण तर चित्रकारानेच करून ठेवलेली, मुलाची त्यात काय तपासणार?

चित्रमालिका ‘जोडणी’साठी ठीक आहे. ‘घडण’ तपासायला नको.

२० जुलै, रविवार

लिहिण्याआधी शेजारच्याला गोष्ट सांगायची, पाच मिनिटं. विषय : पतंग वडाच्या शेंड्याला अडकला. गोष्टी लांबल्या, ‘घडण’ सुधारली, पण शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या गोष्टी सारख्या निघाल्या. अकरा जोड्यांपैकी सात जोड्यांत उपाय तोच : माकड. पुढच्या वेळी मुलांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठवून, जो शेजारी बसणार नाही त्याला सांगायला लावलं. नक्कल जवळजवळ थांबली.

त्याच दिवशी तीन चौकटींचा कागदही दिला होता : कोण? काय बिघडलं? मग काय केलं? मुलांनी पूर्ण गोष्ट चौकटीतच लिहून टाकली आणि खालच्या रेघा कोऱ्या. ‘ताई, वर तर लिहिलं ना!’ मुलांचं म्हणणं बरोबर होतं. चौकटीत आता फक्त चित्र काढायचं, अक्षर एकही नाही, वेळ चार मिनिटं. हे जमलं.

एक सावधगिरी : चौकटी देऊन लिहिलेलं पान आणि न देता लिहिलेलं पान यांची तुलना करू नका. मदत कोणती दिली ते प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लिहा (‘सां’ म्हणजे सांगून, ‘चौ’ म्हणजे चौकट). आम्ही २० जुलैच्या पानांवर लिहिलं नाही, म्हणून ती पानं जून-सप्टेंबरच्या तुलनेतून काढावी लागली.

२७ जुलै, रविवार

भाषेचा दिवस. याला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता.

इंदूरच्या मुलांच्या पानांवर जे दिसतं ते पुण्या-मुंबईच्या तक्त्यात बसत नाही. सतत येणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढल्या :

हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘त्याचा नाव गोलू होता’, ‘तो झाड मोठा होता’. जवळजवळ प्रत्येक पानावर.

हिंदीत ळ नाही, ण मुलांच्या कानावर कमी पडतो : शाला, पानी, बाल. एरवी अर्थ कळतो, पण ‘डोळा’चा ‘डोला’ आणि ‘काळ’चा ‘काल’ झाला की वाक्य अडतं.

शब्द : ‘मम्मीने डाटलं’, ‘मला डर लागला’, ‘पतंग कटली’.

‘तो पळून राहिला होता’, म्हणजे ‘पळत होता’. ही तर घरातल्या मोठ्यांचीही बोलण्याची रीत आहे.

आणि ज्याने आम्हाला महिनाभर फसवलं ते ‘तो’. पान क्र. १८ वर होतं : ‘आई आली तो तो पळाला.’ दोघींनी दुसरा ‘तो’ चुकून दोनदा लिहिलाय असं धरलं आणि जोडणीला १ दिला. पहिला ‘तो’ हिंदीतला आहे, ‘तर, तेव्हा’ या अर्थाचा. मुलाने दोन घटना वेळेने नीट जोडल्या आहेत. जुनी सगळी पानं या एका शब्दासाठी पुन्हा पाहिली, चार पानांची जोडणी १ वरून २ झाली. ‘फिर’ लिहिलं असेल तर ते ‘मग’ धरायचं, हेही तेव्हाच ठरलं.

निर्णय : घडण, जोडणी, माणसं या तिन्हींत बोलीमुळे किंवा हिंदी शब्दामुळे एकही गुण कापायचा नाही. मूल ज्या भाषेत विचार करतं तिच्यात त्याने कारण दिलं असेल तर कारण आहेच. नपुंसकलिंग, ळ आणि ण यांची नोंद वेगळ्या कागदावर, वर्गात शिकवण्यासाठी. सात-आठ मुलांची चूक एकच असेल तर तो पुढच्या रविवारचा पाठ.

ऱ्हस्व-दीर्घाचं एक उदाहरण मुद्दाम नोंदवतो. ‘आणी’ लिहिणारी मुलं बरीच. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा नियम आहे, आणि ‘आणि’ त्याला अपवाद. म्हणजे ‘पाणी’ आणि ‘गाणी’ बरोबर लिहिणारं मूल ‘आणी’ लिहितं तेव्हा त्याने नियम लावलेला असतो. अशा पानावर लाल गोल काढणं म्हणजे शिकलेलं पुसणं.

शब्दसंख्या मोजायचाही प्रयत्न केला. मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो आणि सहकाऱ्यांनी इंग्रजीसाठी जी पद्धत रुळवली तिच्यात मूल साधारण तीन मिनिटं लिहितं आणि एकूण शब्द, बरोबर शब्द, बरोबर शब्दजोड्या मोजतात. मराठीत ती जशीच्या तशी चालत नाही. ‘घरात’ हा एक शब्द. हिंदीच्या सवयीने ‘घर मध्ये’ लिहिणाऱ्याचे दोन होतात. ‘राजू ला’, ‘टेंकर मधून’ असं तोडून लिहिणाऱ्या मुलाची संख्या फुगते. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून मोजायचं ठरवलं, तेव्हा एका पानाची संख्या ६१ वरून ५२ वर आली. संख्या नोंदवतो, पण फक्त त्याच मुलाच्या आधीच्या पानाशी ताडायला.

३ ऑगस्ट, रविवार

वर्गात नवा विषय : ‘शाळेच्या बसमध्ये कुणाचा तरी डबा राहिला. डब्यातून आवाज येतोय.’ २२ पानं. वेळेची एक युक्ती आज लागू पडली. २० मिनिटं झाली की साधी पेन्सिल ठेवून निळी रंगीत पेन्सिल घ्यायची आणि हवं तर आणखी १० मिनिटं लिहायचं. ठरलेल्या वेळेतलं काळं, नंतरचं निळं. सावकाश लिहिणाऱ्या मुलाची गोष्ट अर्धी राहत नाही आणि तुलनाही बिघडत नाही. निळ्याने शेवट पूर्ण करणारी सहा मुलं निघाली. आधीच्या पानांवर या सहांना ‘शेवट नाही’ म्हणून २ मिळाले होते.

वर्गानंतर नमुना-पानं निवडायला बसलो. तक्ता कितीही नेमका लिहिला तरी समोर खरं पान लागतं. २९ जूनची २४ पानं (आता सगळी टाइप केलेली) जोडीजोडीने समोर ठेवायची आणि एकच प्रश्न : यातली जास्त चांगली गोष्ट कोणती? एल. एल. थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या तुलनात्मक निर्णयाच्या पद्धतीचं हे घरगुती रूप. गुण देताना माणसं वाद घालतात, दोनातलं एक निवडताना फारशी घालत नाहीत. प्रत्येक पान १० वेळा तुलनेत यावं असं ठरवलं, म्हणजे १२० जोड्या, प्रत्येकीला ४०. सव्वा तास लागला.

चूक : जोड्या हाताने, गठ्ठ्यातून उचलून केल्या, त्यामुळे काही जोड्या दोनदा आल्या आणि पान क्र. ३ फक्त सहा वेळा आलं. जोड्यांची यादी आधीच कागदावर करून ठेवा.

जिंकण्याच्या संख्येने रांग लावली आणि ‘घडण’साठी तिघींना मान्य असलेली आठ पानं निवडली, प्रत्येक पायरीला दोन. त्यातली तीन इथे उतरवतो, मुलांच्या लेखनाप्रमाणेच.

पायरी १ : ‘चिंटूची चप्पल हरवली. मग त्याने कचोरी खाल्ली. मग पप्पा आले. मग ते घरी गेले. मग तो झोपला.’

पायरी २ : ‘चप्पल हरवली तर चिंटू रडला. त्याने खूप शोधली. एका काकानी सांगितला की तिकडे चपलांचा ढीग आहे. तो तिकडे गेला. मग रात्र झाली.’

पायरी ३ : ‘ढीगात एक नीळी चप्पल मिळाली. ती त्याची नव्हती पण साईज तोच होता. म्हणून तो एका पायात लाल आणि एका पायात नीळी घालून घरी गेला. आजीने विचारला हे काय तर तो म्हणाला रंगपंचमी आहे ना.’

तिसरं पान जूनमध्ये ५ पैकी २, ३, ५ मिळालेलं पान क्र. ७. त्यातला ‘तर’ आणि ‘म्हणून’ दाखवला की नव्या ताईंना तक्ता वेगळा समजवावा लागत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

नमुना-पानं समोर ठेवून ३ ऑगस्टची २२ पानं तपासली. जुनी पानं घेतली नाहीत, ती तिघींना पाठ झाली आहेत. ‘घडण’ : १६ पानांवर तिघी जुळल्या, ५ वर एका पायरीचा फरक, १ वर दोनचा. ‘जोडणी’ : १२, ८ आणि २.

जूनपेक्षा खूप बरं, पण हा आकडा जितका दिसतो तितका मोठा नाही. २२ पैकी १२ पानं पायरी १ चीच आहेत. न वाचता सगळ्यांना १ दिला तरी १२ जुळतातच. यासाठी जेकब कोहेन यांचा १९६० चा कॅपा काढला, म्हणजे योगायोगाने जुळणारा भाग वजा करून उरलेली सहमती; दोन ताईंचा, साध्या कॅल्क्युलेटरवर. पहिल्या ताईंनी ० ते ३ या पायऱ्या अनुक्रमे ३, १२, ५, २ पानांना दिल्या. दुसऱ्यांनी २, १३, ५, २ पानांना. दोघींची १७ पानं जुळली, म्हणजे ०.७७. नुसत्या योगायोगाने जुळणं : (३×२ + १२×१३ + ५×५ + २×२) भागिले २२×२२, म्हणजे १९१ भागिले ४८४, ०.३९. कॅपा = (०.७७ − ०.३९) भागिले (१ − ०.३९), सुमारे ०.६२. रविवारच्या वर्गाला पुरे. यावर कुणाला पास-नापास करायचं असतं तर अजिबात पुरे नव्हतं.

‘जोडणी’त फरक का राहिला? ‘म्हणून’ लिहिलंय, पण कारण नाही, अशा पानांमुळे : ‘बस आली म्हणून डबा हिरवा होता.’ तक्त्यात ‘अर्थाला धरून’ हे शब्द होते, तरी एक ताई शब्द दिसताच ३ देत होत्या. नमुन्यांत असं एक पान घातलं.

१७ ऑगस्ट, रविवार

मुलांना गुण सांगत नाही. पानाखाली दोन वाक्यं : वाचकाला काय झालं ते एक, आणि एक प्रश्न. ‘डबा उघडताना मलाही भीती वाटली. बेडूक डब्यात शिरला कसा?’

आधी काय केलं होतं तेही लिहितो. गेल्या आठवड्यात काही पानांवर ‘शेवट चांगला कर’ लिहिलं होतं. आठ मुलांनी ‘आणि सगळे आनंदात राहू लागले’ ही ओळ चिकटवून पान परत दिलं. सूचना पाळली गेली, गोष्ट होती तिथेच राहिली.

प्रश्न विचारला तरी मुलं उत्तर पानाच्या तळाशी लिहितात : ‘बेडूक खिडकीतून आला.’ गोष्टीच्या मध्ये ते जायला जागाच नसते. म्हणून आता कागदाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून लिहायचं. दुरुस्तीच्या दिवशी कात्री आणि डिंक. जिथे नवीन भाग हवा तिथे पान आडवं कापायचं, मध्ये पट्टी चिकटवायची. आठ वर्षांच्या मुलाला ‘पुन्हा लिही’ म्हटलं की हात दुखतो आणि गोष्ट आखडते. पट्टी लावायची म्हटलं की ते तीन पट्ट्या मागतं. डिंक वाळायला दहा मिनिटं लागतात, तेवढी वेळापत्रकात धरा. आम्ही धरली नव्हती, सगळी पानं एकमेकांना चिकटली आणि दोन फाटली.

२४ ऑगस्ट, रविवार

पालकांना पानं घरी दिली. तीन पानं लाल पेनाने दुरुस्त होऊन आली आणि एक पूर्ण नव्याने लिहून, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ वगैरे शब्दांसह. घरच्यांची तळमळ समजते, शहरात मराठी टिकावी म्हणूनच तर मुलांना इथे पाठवतात. पण ते पान मग मुलाचं राहत नाही. तपासायची गोष्ट वर्गातच लिहायची. घरी मूळ पान द्यायचं नाही, झेरॉक्स द्यायची. घरी काय करायचं तेही त्यावर छापलं : पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि ‘मग पुढे?’ विचारा.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरींचं आवाहन. वर्ग बंद.

१४ सप्टेंबर, रविवार

विषय : ‘गणपतीपुढे २१ मोदक ठेवले होते. आरतीनंतर मोजले तर २०.’ २३ पानं. सांगून आणि चौकट काढून, ३ ऑगस्टसारखंच. १५ पानांत चोर उंदीर. एका ताईंना यासाठी गुण कापावेसे वाटले. तक्त्यात ‘नावीन्य’ असा निकष नाही आणि तो घालणार नाही : उंदीर सगळ्यांना सुचला, पण त्याला पकडायचं की सोडायचं यावर गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि तिथे ‘घडण’ आपोआप दिसते.

२९ जूनशी ताडून पाहताना एक गोष्ट स्पष्ट झाली. दोन्ही दिवशी हजर असलेल्या २१ मुलांपैकी ११ मुलं ‘घडण’मध्ये वर गेली, ८ तिथेच, २ खाली. पण मधल्या डब्याच्या गोष्टीसह तिन्ही पानं शेजारी ठेवली तर सात मुलांच्या पायऱ्या १-३-१ किंवा २-१-३ अशा उड्या मारतात. डब्यातल्या आवाजाने एखाद्याला पेटवलं, मोदकाने नाही. एका पानावरून त्या मुलाबद्दल काहीच ठरवता येत नाही. शिवाय जूनमध्ये सांगणं-चौकट ही मदत नव्हती, त्यामुळे ११ पैकी किती वाढ खरी हे या पानांतून निघत नाही. पुढच्या वेळी पहिलं पानही मदतीसह घ्यायचं. यापुढे नोंदवहीत तीन पानं झाल्याशिवाय पायरी लिहायची नाही, आणि लिहायची ती मधली : १-३-१ असेल तर १, २-१-३ असेल तर २.

खर्च : ए-फोर कागदाचं रीम २९० रुपये, खजुरी बाजारातून. झेरॉक्स ३१० पानं, दोन रुपयांप्रमाणे ६२०. आठ नमुना-पानांचे तीन संच लॅमिनेट करून, पानाला २५ रुपये, ६००. रंगीत पेन्सिली, कात्र्या, डिंक ३५०. एकूण १,८६० रुपये. वेळ : वर्गाबाहेर प्रत्येकीचे अंदाजे २२ तास, त्यातले सात पहिला मसुदा, टाइपिंग आणि जोड्यांच्या गोंधळात. नमुना-पानं तयार असतील तर दुसऱ्या वेळी नऊ-दहा तासांत होईल.

पुढचा विषय दिवाळीनंतर : ‘सकाळी कचरा गाडी आली, गाणं वाजलं, आणि आजीची चष्म्याची डबी बादलीत गेलेली होती.’ निळ्या पेन्सिली २६ हव्यात, आत्ता १९ आहेत.